स्कॉटलंडहून ऑन्टारियोत आलेल्या शेतकरी घराण्याचा माग : नावाऐवजी जमीन धरून शोध कसा घ्यावा

स्कॉटलंडहून कॅनडात आलेल्या एखाद्या शेतकरी घराण्याचा माग काढायला बसलेला माणूस बहुधा पहिल्याच दिवशी जहाज शोधू लागतो. मूळ पुरुष कोणत्या साली, कोणत्या बंदरातून आणि कोणत्या जहाजाने आला हे कळले की पुढचे सारे आपोआप उलगडेल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत बाजूला ठेवणे हीच या कामाची पहिली पायरी आहे. क्वेबेक बंदरात उतरलेल्या प्रवाशांच्या याद्या १८६५ पासून पुढे सलगपणे मिळतात, आणि ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या तर १८९० पासूनच्याच जपल्या गेल्या आहेत. ऑन्टारियोतील पुष्कळशी स्कॉटिश शेतकरी घराणी मात्र १८१५ ते १८६० या काळात आली. कॅनडातून लाकूड घेऊन ब्रिटनला गेलेली जहाजे परतताना रिकामी येण्याऐवजी माणसे भरून आणत, आणि त्या माणसांच्या याद्या झाल्या असल्या तरी त्यांतल्या फारच थोड्या टिकल्या. जहाजाचे नाव सापडले तर आनंदच आहे. पण ते शोधाच्या शेवटी सापडते, सुरुवातीला नव्हे.

दुसरी अडचण नावांची आहे. स्कॉटिश घरांत मुलांची नावे ठेवण्याची एक रूढ रीत होती: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, तिसऱ्याला स्वतः वडिलांचे, मुलींमध्ये थोरलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे आणि तिसरीला आईचे. ही रीत सगळीकडे काटेकोरपणे पाळली गेली असे नाही, पण चार भावांच्या चार घरांत एकाच आजोबांच्या नावाचे चार नातू असावेत, इतकी ती नक्कीच पाळली गेली. त्यात डोंगराळ उत्तरेकडच्या एकेका खोऱ्यात दोन-तीन आडनावांचीच वस्ती असे. त्यामुळे ‘जॉन कॅम्पबेल, जन्म सुमारे १८०५, आर्गाइल’ एवढ्याच माहितीवर शोध घेतला तर एकाच नावाची आणि जवळपास एकाच वयाची अनेक माणसे समोर येतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरवायला हाताशी काहीच नसते.

या दोन्ही अडचणींवर मला एकच उपाय खात्रीचा वाटतो, आणि तो म्हणजे नावाऐवजी जमीन धरणे. एकच नाव दहा जणांचे असू शकते. पण एखादा तुकडा एका वेळी कोणाकडे होता याला उत्तर असते, आणि ते बहुधा कुठेतरी लिहिलेले असते. कॅनडात त्या तुकड्याला क्रमांक आहे, स्कॉटलंडमध्ये त्याला नाव आहे, आणि दोन्हीकडच्या दप्तरांत शेतकरी त्या क्रमांकाने किंवा त्या नावाने ओळखला जातो. पुढची सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. ऑन्टारियोतच स्थायिक झालेल्या आणि तिथल्या सुनेच्या, जावयाच्या किंवा शेजाऱ्याच्या घराण्याचा शोध घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांनाही ती तशीच लागू पडेल. जुने कागद वाचताना एवढे लक्षात असू द्यावे की आजच्या ऑन्टारियोला १८४१ पर्यंत अप्पर कॅनडा म्हणत, त्यानंतर कॅनडा वेस्ट, आणि १८६७ पासून ऑन्टारियो.

आधी कॅनडातले कागद संपवावेत

शोध नेहमी अलीकडून पलीकडे न्यावा. ज्या पूर्वजाविषयी कागदोपत्री खात्री आहे त्याच्या मृत्यूपासून सुरुवात करावी, मग त्याचे लग्न, मग जन्म, आणि तिथून त्याच्या आईवडिलांकडे, अशा क्रमाने एकेक पिढी मागे जावे. ऑन्टारियोत जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८६९ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ मृत्यू नोंदलेच गेले नाहीत, आणि जे नोंदले गेले त्यांतही जन्मस्थान म्हणून बहुतेक वेळा ‘स्कॉटलंड’ एवढेच लिहिलेले असते. आईवडिलांची नावे नसतात. विवाहाच्या नोंदी याहून कितीतरी उपयोगी आहेत. १८५८ ते १८६९ या काळातील काउंटीवार (म्हणजे जिल्हावार) विवाह-नोंदवह्यांमध्येसुद्धा वधूवरांची वये, राहण्याचे ठिकाण, जन्मस्थान आणि दोघांच्याही आईवडिलांची नावे दिलेली असतात. म्हणून मूळ पुरुषाचा मृत्यू सापडला नाही तरी हातपाय गाळू नयेत. त्याच्या प्रत्येक मुलामुलीचा विवाह शोधावा, आणि त्यातही स्कॉटलंडमध्ये जन्मून कॅनडात लग्न झालेल्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ‘स्कॉटलंड’ ऐवजी ‘पर्थशायर’ असे शायरचे (जिल्ह्याचे) किंवा थेट पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक विभागाचे, नाव लिहिले जाण्याची शक्यता अशाच नोंदीत अधिक असते. या नोंदवह्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

यानंतर जनगणना. १८५१ ची म्हणून ओळखली जाणारी गणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली आणि तीत वय पुढच्या वाढदिवसाचे विचारले होते. हे ठाऊक नसल्यामुळे जन्मवर्षाचे गणित चुकलेल्या वंशावळी मी वारंवार पाहते. पुढे दर दहा वर्षांनी गणना होत गेली आणि त्या सगळ्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. १९०१ च्या गणनेत जन्मतारीख आणि कॅनडात आल्याचे वर्ष असे दोन्ही विचारले आहे. हे वर्ष पन्नास वर्षांनंतर आठवणीने सांगितलेले असते, तेव्हा ते दोन-चार वर्षे इकडेतिकडे धरावे.

माणसांच्या यादीपाशी बहुतेक लोक थांबतात, आणि तिथेच मोठा ऐवज हातातून निसटतो. १८५१, १८६१ आणि १८७१ च्या गणनांना शेतीचा वेगळा तक्ता जोडलेला आहे. १८५१ चे हे तक्ते पुष्कळ ठिकाणी गहाळ झाले आहेत, पण १८६१ चे बरेच टिकून आहेत. एका ओळीत शेतकऱ्याचे नाव आणि लगेच पुढे त्याच्या जमिनीचा कन्सेशन (पट्टा) आणि लॉट (तुकडा) यांचा क्रमांक. मग एकूण एकर, त्यांतले लागवडीखालचे, कुरणाचे आणि अजून रानाखाली असलेले. मग गहू, ओट, वाटाणा, बटाटे आणि टर्निप यांचे बुशेल. लोणी आणि मेपल साखर यांचे पौंड. घरी विणलेल्या फ्लॅनेलचे यार्ड. पिंपात खारवून भरलेले डुकराचे मांस. शंभर एकरांपैकी वीसच लागवडीखाली असतील तर घराणे तिथे नुकतेच स्थिरावले असण्याचा संभव मोठा, आणि सत्तर असतील तर कुऱ्हाडीचे काम बऱ्याच वर्षांपूर्वी सुरू झाले असले पाहिजे. वंशशोधाच्या दृष्टीने मात्र त्या ओळीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सुरुवातीचे ते दोन क्रमांक. ते मिळाले की एकाच नावाचे तीन शेतकरी तीन वेगळे शेतकरी होतात.

लॉटचे पान

ऑन्टारियोतील शेतजमीन टाउनशिप, कन्सेशन आणि लॉट अशा तीन पायऱ्यांनी ओळखली जाते. टाउनशिप म्हणजे मोजणीचा मोठा चौक, कन्सेशन म्हणजे मोजणीदाराने आखलेल्या दोन समांतर रस्त्यांमधला पट्टा, आणि लॉट म्हणजे त्या पट्ट्यातला क्रमांकित तुकडा, बहुधा १०० किंवा २०० एकरांचा. ‘कन्सेशन ६, लॉट १४ चा पश्चिम अर्धा’ एवढे कळले की जमीन नोंदणी कार्यालयाच्या गोषवारा-वहीत त्या लॉटचे पान उघडावे. या जुन्या वह्या ऑनलँड नावाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहायला ठेवलेल्या आहेत.

आपल्याकडच्या फेरफार नोंदवहीची ज्यांना सवय आहे त्यांना हे पान परके वाटणार नाही. डावीकडे दस्ताचा क्रमांक, मग दस्ताचा प्रकार, तो लिहिल्याची तारीख, नोंदल्याची तारीख, देणाराचे नाव, घेणाराचे नाव, क्षेत्र, रक्कम आणि शेवटी शेरा. पहिली ओळ जवळजवळ नेहमी ‘पेटंट’ची असते. पेटंट म्हणजे सरकारने तो तुकडा पहिल्यांदा खासगी मालकाच्या नावे केल्याचा लेख. त्याची तारीख हीच घराणे येऊन पोहोचल्याची तारीख असे समजण्याची चूक सर्रास होते. जमिनीचे हप्ते पूर्ण फिटल्यावर किंवा रान तोडून घर बांधण्याच्या अटी पुऱ्या केल्यावरच पेटंट हाती पडे, आणि त्याला दहा-वीस वर्षेही लागत. पेटंट १८४७ चे असेल तर माणूस त्या जागी १८३२ पासून राहत असू शकतो.

पेटंटनंतरच्या ओळींत खरेदीखते, गहाणखते आणि गहाण फिटल्याचे लेख येतात. गोषवारा वाचून थांबू नये. महत्त्वाच्या ओळींच्या क्रमांकावरून मूळ दस्त काढून पूर्ण वाचावेत. जमीन विकताना पत्नीने आपला वैधव्यहक्क, म्हणजे पतीच्या मागे त्याच्या जमिनीवर मिळणारा हक्क, सोडल्याचे दस्तात लिहावे लागे, त्यामुळे ज्या काळात बायकांची नावे दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत त्या काळात ती खरेदीखतात सापडतात. बापाने मुलाला शेत दिल्याचा दस्त तर घराचे आतले चित्रच पुढे ठेवतो: मुलाने आईवडिलांना घरातली अमुक खोली द्यायची, जळण तोडून द्यायचे, एक गाय सांभाळायची, अशा अटी त्यात सविस्तर लिहिलेल्या आढळतात. मृत्युपत्र असेल तर लग्न झालेल्या मुली सासरच्या आडनावांनी येतात, आणि त्यांच्यावरून शोधाला नव्या चार वाटा फुटतात.

पेटंटच्या मागे जायचे असेल तर तीन ठिकाणे पाहावीत. पहिले म्हणजे अप्पर कॅनडातील जमिनीसाठीचे अर्ज, ज्यांत अर्जदार कुठून आला, कधी आला, कुटुंबात किती माणसे आहेत, सैन्यात नोकरी केली होती का, हे लिहिलेले असते. यांची नामसूची लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे आहे. दुसरे म्हणजे आर्काइव्ह्ज ऑफ ऑन्टारियोतील ‘टाउनशिप पेपर्स’. हे कागद नावांनुसार लावलेले नाहीत, टाउनशिप, कन्सेशन आणि लॉट या क्रमाने लावलेले आहेत, आणि म्हणूनच नावाने शोधणाऱ्यांच्या ते हाती लागत नाहीत. जमीन वाटून दिल्याची चिठ्ठी, अटी पुऱ्या झाल्याचे शपथपत्र, ‘माझ्या भावाने आपला हक्क मला दिला आहे’ असे चार ओळींचे पत्र, असे सुटे कागद त्यांत असतात. गोषवाऱ्यात ज्याचे नाव कधीच आले नाही, असा पेटंट मिळण्याआधीच जागा सोडून गेलेला किंवा वारलेला पहिला कसणारा सापडण्याची जागा हीच.

तिसरे ठिकाण कॅनडा कंपनीचे दप्तर. या कंपनीला १८२६ मध्ये सनद मिळाली, तिचा कारभार सुरुवातीला आयर्व्हिनचा स्कॉटिश लेखक जॉन गॉल्ट याने पाहिला, १८२७ मध्ये त्याने ग्वेल्फ वसवले, आणि पश्चिमेकडचा सुमारे दहा लाख एकरांचा ह्यूरन ट्रॅक्ट कंपनीने हप्त्यांवर आणि भाडेपट्ट्यावर लोकांना दिला. तिच्या कागदांत १८४३ ते १८४७ च्या मनीऑर्डरीसारख्या हुंड्यांच्या वह्या आहेत. मायदेशी राहिलेल्या माणसांना पैसे पाठवायचे असल्यास वसाहतकरी ते कंपनीमार्फत पाठवत, आणि पाठवणाऱ्याच्या नावासमोर पैसे घेणाऱ्याचे नाव व पत्ता लिहिला जाई. दुष्काळाच्या वर्षांत ह्यूरन ट्रॅक्टमधल्या एखाद्या शेतकऱ्याने स्कॉटलंडमध्ये मागे राहिलेल्या आईला दोन पौंड पाठवले असतील तर त्या वहीत त्याचे मूळ गाव लिहिलेले सापडेल. ज्यांचे घराणे या भागात होते त्यांनी ही वही पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेजारी, थडगे आणि चर्च

स्कॉटिश शेतकरी क्वचितच एकटे आले. १८१८ मध्ये पर्थशायरच्या ब्रेडलबेन भागातून आलेले लोक बेकविथ टाउनशिपमध्ये एकत्र बसले; झोरा टाउनशिपमध्ये सदरलंडमधल्या लोकांची वस्ती झाली; १८५१ मध्ये लुईस बेटावरून निघालेल्या कुटुंबांपैकी पुष्कळ ब्रूस काउंटीतील ह्यूरन टाउनशिपमध्ये स्थिरावली. याचा व्यावहारिक अर्थ असा की आपल्या पूर्वजाचे मूळ पॅरिश कुठेच लिहिलेले नसले तरी ते त्याच्या शेजाऱ्याच्या थडग्यावर कोरलेले असू शकते. १८७० आणि १८८० च्या दशकांत छापलेल्या काउंटी नकाशांवर प्रत्येक लॉटमध्ये शेतकऱ्याचे नाव लिहिलेले आहे आणि मॅकगिल विद्यापीठाने हे नकाशे सर्वांसाठी खुले केले आहेत. आपल्या लॉटभोवतीच्या आठ-दहा लॉटांवरची नावे उतरवून घ्यावीत आणि मग दफनभूमीत जाऊन त्या सगळ्यांचे दगड वाचावेत. ‘नेटिव्ह ऑफ’ असे कोरून त्याखाली पॅरिश आणि शायर यांची नावे देण्याची चाल हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या, वस्त्यांत चांगलीच रूढ होती, आणि पत्नीचे नाव दगडावर पुष्कळदा तिच्या माहेरच्या आडनावासह येते.

सगळेच स्कॉटिश वसाहतकरी मुळात शेतकरी होते असेही धरून चालू नये. १८२० आणि १८२१ मध्ये लॅनार्क भागात आलेल्या वसाहतकरी मंडळ्यांत ग्लासगो आणि लॅनार्कशायरचे बेकार झालेले विणकर मोठ्या संख्येने होते. त्यांना प्रत्येकी १०० एकर मिळाले आणि ते इकडे येऊन शेतकरी झाले. अशांच्या बाबतीत स्कॉटलंडमधील शेतांची दप्तरे चाळण्यात वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही.

चर्चची दप्तरे शोधताना एक गोष्ट ठाऊक असावी लागते. १९२५ मध्ये कॅनडातील अनेक प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडच्या प्रमुख प्रॉटेस्टंट पंथाच्या) मंडळ्या युनायटेड चर्चमध्ये विलीन झाल्या, आणि त्यांच्या जुन्या नोंदवह्याही तिकडे गेल्या. त्यामुळे पूर्वज कट्टर प्रेस्बिटेरियन असला तरी त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे टोरांटोतल्या युनायटेड चर्चच्या अभिलेखागारात असू शकतात. दोन्ही चर्चांच्या अभिलेखागारांना पत्र लिहावे. प्रभुभोजनाला बसणाऱ्या सभासदांच्या यादीत नव्या माणसाच्या नावासमोर तो कोणत्या मंडळीचा दाखला घेऊन आला हे कधीकधी लिहिलेले असते, आणि मूळ पॅरिशकडे नेणारा तो सर्वांत सरळ दुवा ठरतो.

पलीकडे : पॅरिशच्या वह्या

पॅरिशचे नाव किंवा निदान शायर हाती आल्यावरच स्कॉटलंडच्या दप्तरांकडे वळावे. तिथले बहुतेक मुख्य कागद स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर आहेत. नोंदणी करून सूचीत शोध घेणे विनामूल्य आहे आणि नोंदीचे छायाचित्र उघडायला पैसे पडतात. सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. ‘आमचे लोक १८३० सालीच निघून गेले, मग १८५५ च्या वह्या आम्हाला कशाला?’ असे पुष्कळांना वाटते. पण घराण्यातले सगळेच गेले नव्हते. मागे राहिलेला एक भाऊ, एक अविवाहित बहीण, किंवा म्हातारी आई १८५५ नंतर वारली असेल तर तिच्या मृत्यूच्या नोंदीत तिच्या आईचे आणि वडिलांचे नाव, आईच्या माहेरच्या आडनावासह, असते. ती नावे हीच आपल्या पूर्वजाच्याही आईवडिलांची किंवा आजीआजोबांची नावे.

त्यातही १८५५ या एका वर्षाच्या नोंदी इतर कोणत्याही वर्षापेक्षा समृद्ध आहेत. त्या वर्षीच्या मृत्यूनोंदीत मृताचा जन्म कुठे झाला, तो त्या भागात किती वर्षे राहत होता, पती किंवा पत्नी कोण, मुले कोणती आणि त्यांची वये किती, दफन कुठे झाले, हे सारे विचारलेले आहे. जन्माच्या नोंदीत आईवडिलांची वये, त्यांची जन्मस्थाने, लग्नाचे वर्ष आणि आधीची अपत्ये येतात. एवढे लिहिणे निबंधकांना झेपेना, म्हणून १८५६ पासून रकाने कमी करण्यात आले. म्हणून पूर्वजाच्या आडनावाची, त्याच्या पॅरिशमधली, १८५५ मधली प्रत्येक मृत्यूनोंद काढून पाहावी. यावर होणारा खर्च वाया जात नाही.

१८५५ च्या आधी चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश वह्यांवर भिस्त ठेवावी लागते. यांतली सर्वांत जुनी पर्थशायरमधल्या एरोलची, १५५३ पासूनची. पण हायलँडमधल्या कित्येक पॅरिशच्या वह्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू होतात. बाप्तिस्म्याची ठराविक नोंद वाचायची कशी ते पाहू. ‘जॉन कॅम्पबेल, टेनंट इन’ (अमुक शेतावरचे कुळ) असे लिहून त्यापुढे शेताचे नाव येते, मग आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह, मग मुलाचे नाव आणि तारीख. बहुतेक लोक त्यातले मुलाचे नाव उतरवतात आणि वही मिटतात. उतरवायला हवे ते शेताचे नाव. त्याच जोडप्याच्या सगळ्या मुलांच्या नोंदी काढून प्रत्येक नोंदीतले शेत क्रमाने मांडावे. थोरली तीन मुले एका शेतावर आणि धाकटी दोन दुसऱ्या शेतावर जन्मली असतील तर घराणे मध्ये कधीतरी हलले, आणि ती जागाबदल जमीनदाराच्या कागदांत दिसली पाहिजे. त्याच पॅरिशमध्ये त्याच काळात दुसऱ्या शेतावर दुसऱ्या जॉन कॅम्पबेलला मुले होत असतील तर दोघांना वेगळे करण्याचा मार्गही हाच.

या वह्यांत खिंडारे आहेत आणि त्यांची कारणे बहुधा शोधता येतात. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, म्हणून अनेक गरीब कुटुंबांनी नोंद करणेच टाळले. १७३३ पासून चर्चमध्ये फुटी पडत गेल्या आणि १८४३ च्या मोठ्या फुटीत सुमारे एक तृतीयांश धर्मोपदेशक बाहेर पडून फ्री चर्च स्थापन झाले. बाहेर पडलेल्या कुटुंबांचे बाप्तिस्मे पॅरिशच्या वहीत नसतात. लग्नाची नोंद पुष्कळदा प्रत्यक्ष विवाहाची नसून विवाहाच्या घोषणेची असते, आणि वधू व वर यांचे पॅरिश वेगळे असेल तर दोन्हीकडे पाहावे लागते. दफनांच्या वह्या फार थोड्या ठिकाणी ठेवल्या गेल्या. त्या नसल्या तर शवपेटीवर घालायच्या कापडाचे भाडे भरल्याची नोंद तरी शोधावी, कारण त्या पैशांचा हिशेब चर्च नीट ठेवत असे.

हा हिशेब ठेवणारी पंचमंडळी म्हणजे कर्क सेशन. तिची कामकाज-पुस्तके स्कॉटलंड्सपीपलवर पाहायला पैसे पडत नाहीत, पण त्यांना नामसूची नसल्यामुळे ती पान उलटत वाचावी लागतात. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाचा बाप कोण, गरिबांच्या पेटीतून कोणाला किती मदत दिली, पॅरिश सोडून जाणाऱ्या कोणाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला, हे त्यांत येते. इतर कोणत्याही कागदात न दिसणारी शेतमजुरांची आणि विधवांची आयुष्ये या पुस्तकांत दिसतात, आणि माझ्या मते संपूर्ण स्कॉटिश दप्तरात याहून अधिक आस्थेने वाचावे असे दुसरे काही नाही.

कुळ आणि जमीनदार

स्कॉटलंडमधला शेतकरी बहुतेक वेळा मालक नव्हता, कुळ होता. ‘अमुक इन अमुक शेत’ म्हणजे त्या शेतावरचे कुळ, आणि ‘अमुक ऑफ अमुक शेत’ म्हणजे त्याचा मालक. हा भेद न पाळल्याने कित्येक वंशावळींत साध्या कुळाचा जहागीरदार झाला आहे. जमीन हस्तांतरणाची सेसीन नावाची नोंदवही १६१७ पासून आहे, पण तीत मालक सापडतात, कुळे नव्हे. कुळे जमीनदाराच्या खासगी दप्तरात असतात: खंडाच्या याद्या, थकबाकीच्या याद्या, आणि पुष्कळदा १९ वर्षांच्या मुदतीचे भाडेपट्टे. म्हणून शेताचे नाव कळल्यावर पुढचा प्रश्न असा की त्या वेळी ते कोणाच्या इस्टेटीत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि १८३४ ते १८४५ या काळात धर्मोपदेशकांनी लिहिलेल्या दोन ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट’ मालिकांमध्ये प्रत्येक पॅरिशमधल्या प्रमुख जमीनदारांची माहिती असते, आणि किती कुटुंबे अमेरिकेकडे निघून गेली याचा उल्लेखही अनेक ठिकाणी येतो. ब्रेडलबेन इस्टेटीची कागदपत्रे एडिंबरोच्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत, सदरलंड इस्टेटीची नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये. ड्यूक ऑफ आर्गाइलच्या इस्टेटीवरच्या रहिवाशांची १७७९ ची यादी तर छापूनही आलेली आहे. खंडाच्या यादीत एखाद्या वर्षी कुळाचे नाव गळून दुसरे आले, आणि त्याच सुमारास ऑन्टारियोत त्याच नावाच्या माणसाने जमिनीसाठी अर्ज केला, तर दोन टोके जुळत आली असे समजावे.

याखेरीज १७९७-९८ च्या शेतीच्या घोड्यांवरील कराच्या याद्याही पाहाव्यात. त्यांत शेतकऱ्याचे नाव, बहुधा शेताचे नाव आणि घोड्यांची संख्या असते. १८५५ पासूनच्या मूल्यांकन याद्यांत मालक, कुळ आणि राहणारा असे तिघेही येतात, मात्र अगदी कमी भाड्याच्या घरांतल्या रहिवाशांची नावे त्यांत असतीलच असे नाही.

शेत नकाशावर नेमके कुठे आहे हे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांवर शोधावे. मैलाला सहा इंच या प्रमाणातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशा-खात्याच्या) नकाशांची पहिली आवृत्ती १८४३ ते १८८२ या काळातली आहे, आणि त्या सर्वेक्षणासोबत भरलेल्या नावांच्या वह्यांत प्रत्येक शेताचे दोन ओळींत वर्णन आहे. तिथे शेताचे नाव सापडले नाही तर ते नव्हतेच असा निष्कर्ष काढू नये. सदरलंडमध्ये १८११ ते १८२० च्या दरम्यान पूर्ण खोरी मेंढ्यांच्या चराईसाठी रिकामी केली गेली, आणि इतरत्रही लहान शेते मोठ्यांत मिसळून टाकण्यात आली. अशा वेळी १७४७ ते १७५५ मधला रॉय याचा लष्करी नकाशा उघडावा.

नावांची सरमिसळ आणि अखेरचा निर्णय

शेत जुळले तरी नाव अक्षरशः जुळेलच असे नाही. गेलिक ही हायलँडची भाषा बोलणाऱ्यांची नावे इंग्रजी लिहिणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे लिहिली, म्हणून पॅरिशमधला डोनाल्ड कॅनडात डॅनिएल होतो, पॅट्रिक आणि पीटर एकच असतात, जेनेट ही जेसीही असते, युफेमिया घरात एफी असते. ‘मॅक’ कधी लिहिला जातो, कधी गळतो. सूचीत शोधताना या सगळ्या रूपांनी शोधावे. विवाहित स्त्री स्कॉटलंडच्या कागदांत माहेरच्या आडनावाने सापडण्याची शक्यता मोठी, तर ऑन्टारियोच्या जनगणनेत ती नवऱ्याच्या आडनावाने येते.

शेवटी बहुधा दोन उमेदवार उरतात: एकाच पॅरिशमध्ये, तीन-चार वर्षांच्या अंतराने जन्मलेले, एकाच नावाचे दोघे. अशा वेळी जन्मवर्ष जवळचे म्हणून एकाला निवडू नये. दोघांचाही पुढे माग काढावा. त्यांतला एक १८४१ किंवा १८५१ च्या स्कॉटिश जनगणनेत आपल्याच शेतावर बायकोमुलांसह सापडला, किंवा १८५५ नंतर त्याच पॅरिशमध्ये वारला, तर तो आपला नव्हे. १८४१ च्या गणनेत पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती, एवढे ध्यानात ठेवावे. मग उरलेल्याच्या भावंडांची नावे, त्यांच्या बायकांची माहेरची आडनावे आणि शेजारच्या शेतांवरची आडनावे एका कागदावर लिहून ऑन्टारियोतल्या लॉटभोवतीच्या नावांशी ताडून पाहावीत. हायलँडमधल्या एका शेतावरची चार कुळे ऑन्टारियोतल्या एकाच कन्सेशनवर शेजारी शेजारी आली असतील तर तो पुरावा एखाद्या सुट्या बाप्तिस्म्याच्या नोंदीपेक्षा भक्कम असतो.

हे करूनही दोघांपैकी एकाला बाद करता आले नाही, तर वंशावळीत दोन्ही नावे ‘संभाव्य’ असा शेरा मारून लिहावीत, प्रत्येकाच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे त्याखाली नमूद करावेत, आणि प्रत्येक नोंदीसमोर ती कोणत्या वहीतली, कोणत्या पानावरची आणि कोणत्या दिवशी पाहिलेली आहे हे टिपून ठेवावे.